दुखणं पाहायला महाराज पाटावर बसले

“आधी दुखणं दाखव, मग शिधा माग!” चंदनगडचे राजे यशोधर भर दरबारात कडाडले.

समोर गोजराबाई उभी होती. गडाखालच्या तळ्यावरून वाड्यात पाणी वाहता वाहता तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं आणि आता कंबर कायमची धरली होती. सकाळी आधी कुशीवर, मग गुडघ्यांवर, मग भिंतीला धरून, अशी ती कशीबशी उभी राहायची. वाड्याच्या चाकरीत जो अधू होईल त्याला गडाखालच्या कोठारातून जन्मभर शिधा, असा राज्याचा नियमच होता. हात मोडलेल्याला मिळाला, डोळा गेलेल्याला मिळाला. गोजराबाईचं मात्र वरून काहीच मोडलेलं दिसेना!

“राजवैद्यांनी तपासलंय, महाराज. हाडं जागच्या जागी आहेत,” कारभारी विसाजीपंत म्हणाले. “आणि ही बाई भाचीच्या हळदीत फुगडी घालत होती! मी या डोळ्यांनी पाहिली!”

“घातली की!” गोजराबाई म्हणाली. “एकुलती एक भाची माझी. त्या दिवशी कंबर जरा निजली होती, म्हणून घातली. दुसऱ्या दिवशी ती अशी जागी झाली, की शेजारणीनं मला पडल्यापडल्या पाणी पाजलं. ते पाहायला नाही आलात, पंत!”

दरबारात खसखस पिकली. पण राजे हट्टाला पेटले होते.

“जे दिसत नाही ते आम्ही मानत नाही! उद्या दरबारात दुखणं घेऊन ये आणि आमच्या डोळ्यांना दाखव. दिसलं तर शिधा. नाही दिसलं, तर परवापासून पुन्हा डोक्यावर हंडा!”

गोजराबाई कंबरेवर हात ठेवून विचारात पडली. पुन्हा हंडा घेऊन तो चढ चढायचा? आता अर्ध्या वाटेतच कोसळायची ती! दुखणं काय कोंबडी आहे, टोपलीखाली झाकून आणायला?

तेवढ्यात दरबार संपला. राजे सिंहासनाच्या हातावर भार देऊन उठले आणि उठताना मोठ्यानं खोकले. गोजराबाईचे कान टवकारले. हा खोकला तिच्या चांगल्या ओळखीचा होता! कण्हणं कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून हंडा उचलताना तीसुद्धा असंच खोकायची. तिनं नीट पाहिलं. राजे पायऱ्या उतरताना उजवा पाय हळूच, जपून टाकत होते.

गडावरच्या आपल्या घरी जाताना बाई गालातल्या गालात हसत होती. गेल्या गेल्या तिनं पितळेची परात काढली आणि चिंचेनं घासून घासून अशी लखलखीत केली, की तीत नाकावरचा तीळसुद्धा दिसावा.

दुसऱ्या दिवशी दरबार गच्च भरला. गोजराबाईनं परात जमिनीवर ठेवली. तिच्यावर फडकं झाकलेलं. शेजारी एक बुटका पाट मांडला.

“आणलंस दुखणं?” राजांनी विचारलं.

“आणलंय, महाराज! पण फार लाजाळू आहे. उंचावरून पाहिलं की दिसत नाही. महाराजांनी या पाटावर मांडी घालून बसावं. लगेच दिसेल!”

राजांनी पाटाकडे पाहिलं. कपाळाला बारीक आठी पडली. पण सगळा दरबार टक लावून बघत होता. नाही कसं म्हणणार? ते ऐटीत खाली उतरले. पाटाशी आले. अर्धवट वाकले. आणखी जरा वाकले...

“आई गं!” राजे धप्पकन पाटावर बसले.

त्याच क्षणी गोजराबाईनं फडकं ओढलं. परातीत राजांना आपलंच तोंड दिसलं! डोळे बारीक झालेले, दात आवळलेले, मिशी एका बाजूला वाकडी.

“ते बघा, महाराज! असं दिसतं दुखणं!”

विसाजीपंत लालबुंद झाले.

“उद्धट बाई! महाराजांचा गुडघा दुखतो, असं म्हणायचंय तुला? अगं, दसऱ्याच्या मिरवणुकीत महाराज दिवसभर घोड्यावर होते! मी या डोळ्यांनी पाहिलं!”

“दुसऱ्या दिवशी कुठं होते ते महाराजांनाच विचारा,” गोजराबाई शांतपणे म्हणाली.

राजांनी गुडघा चोळला. मग खालच्या आवाजात म्हणाले, “पलंगावर. दोन दिवस पाय खाली टेकवत नव्हता.”

“पण आम्हाला तर महाराज अनुष्ठानाला बसलेत असं सांगितलं होतं!” पंतांनी आ वासला.

“मग काय दवंडी पिटायची होती?” राजे खेकसले. “आणि पंत, आम्ही घोड्यावर बसलो म्हणून आमचं दुखणं खोटं की काय?”

“छे छे! खोटं कसं असेल, महाराज!” पंत दोन पावलं मागे सरकले.

गोजराबाईनं पदर तोंडाला लावला. पण राजेही सहजासहजी हार मानणारे नव्हते. त्यांनी बोट रोखलं.

“थांब! हे तर आमचं दुखणं झालं. तुझं कुठाय?”

“महाराज,” गोजराबाई हात जोडून म्हणाली, “माझं दुखणं पडलं गरिबाघरचं. त्याला दरबारात कोण ओळखणार? म्हणून मी त्याच्या श्रीमंत भावाला पुढं केलं!”

राजे असे हसत सुटले, की मुकुट कानावर आला! दरबारही खो खो हसू लागला.

“गोजराबाईला आजपासून जन्मभर शिधा!” राजे डोळे पुसत म्हणाले. “गडावर पाणी यापुढं बैलाच्या पाठीवर पखालीतून येईल. आणि बाईचा शिधा दर महिन्याला विसाजीपंत स्वतः डोक्यावरून पोचवतील, त्याच चढानं! पंत, बघताय काय? आधी आम्हाला इथून उठवा!”