आवडाबायची टोच

फार म्हणजे फारच मागली गोष्ट. शेवरंडच्या किनाऱ्यावर आवडाबाय राहायची. तोंडानं भारी बडबडी. तिचं बोलणं ऐकायला लाटासुद्धा थांबायच्या, असं म्हणतात.

तिचा नवरा सुकाळो तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या. एकदा जाळं ओढताना त्याच्या पायात पाकट माशाचा विषारी काटा घुसला. जखम भरली, पण ठणका जाईना. अन्न गेलं, झोप गेली. एवढा धिप्पाड माणूस, पण पोरासारखा रडायचा.

"माका दर्यात नेवन टाक गे," म्हणायचा.

"गप रव्हा ओ! दर्याक तुमचो काय उपेग?" ती दरडावायची, आणि पडवीत जाऊन डोळे पुसायची. हा माणूस एक दिवस खरंच दर्यात चालत जाईल, याचीच तिला धास्ती.

एका ओहोटीला ती खडकांत कालवं काढायला गेली. सकाळीच तव्यावर बोट भाजलेलं, चुरचुरत होतं. तिथं नक्षीचा एक देखणा शंख दिसला. बायकांची सवयच ती, दिसलं ते ओटीत टाकायचं! टाकला, वरून चाचपला, तर आतल्या गोगलगायीनं त्याच बोटाला टोचलं. चुरचूर तत्क्षणी गेली. पण हाताची जाणीवही गेली, मग जीभही जड झाली. आवडाबाय जन्मात पहिल्यांदा गप्प बसली. ती उठेपर्यंत भरती तिच्या पायांशी थांबून राहिली, असं म्हणतात.

उठली ती शंख खडकात झटकून, नवऱ्याचा ठणकाही असाच जाईल म्हणून घरी धावली, आणि चुलीवरची सांडशी घेऊन परत आली. शंख सांडशीत धरून खाऱ्या पाण्याच्या मडक्यात घालून घरी आणला. मग लिंबाच्या काट्याचं टोक शंखाच्या नांगीला नुसतं टेकवलं. जास्त झालं तर नवरा जायचा, हे तिला पक्कं ठाऊक होतं. "बेतान गे बाय, बेतान," असं स्वतःलाच बजावत तिनं दुखऱ्या पायाला टोचलं.

सुकाळो गाढ झोपला. दिवस गेला, रात्र गेली, हलेना. शेजारी लाकडं गोळा करायला लागले. तेवढ्यात आतून आवाज आला, "गे, बांगड्याचा तिखला आसा काय?"

आवडाबाय हसली, रडली, आणि तिखलं करायला बसली.

ठणका पळाला, तरी "आजून एकदा टोच गे," तो म्हणाला. तिनं 'बेतान' हाच मंत्र ऐकवला, आणि शंख त्याच्या खडकात परत ठेवून आली.

पुढे सात खाड्यांपलीकडून दुखणाईत यायचे. ती ओहोटीला शंख आणायची, टोचायची, भरतीला पोचवायची. शंख तिची हाक ऐकून वर यायचा, असं म्हणतात.

आजही शेवरंडला लेकीची ओटी भरली की, दिसलं ते हातानं उचलू नये म्हणून, वर सांडशी ठेवतात. शंख आता कुणी काढत नाही. पण दवाखान्यात सुई टोचायची वेळ आली की म्हातारे असोत नाहीतर पोरं, डोळे मिटून म्हणतात, "आवडाबाय, बेतान गे!" आणि नवीन आलेली नर्ससुद्धा आठवडाभरात हात हलका ठेवायला शिकते.