पारोशी मोटार

बोरखिंडच्या महाराजांनी नवा चष्मा लावला आणि संस्थानावर संकट आलं.

त्यांची काळी मोटार दुपारच्या उन्हात देवडीपुढे उभी होती. महाराज वाकले, पाहिलं, पुन्हा वाकले. बॉनेटवर जिथे ऊन चमकत होतं, त्याच्याभोवती बारीक गोल ओरखड्यांचं जाळं पसरलं होतं. दाराकडे सरकले तर तिथेही तेच. कोळ्याने फुरसतीने विणावं तसं.

हे कोणी केलं, असं महाराजांनी विचारलं. कारभारी त्रिंबकपंतांनी मोटारीकडे न बघताच उत्तर दिलं की गेनूने, कारण मोटार तोच धुतो. पंतांना चौकशीचा कंटाळा होता.

महाराज हट्टी. त्यांनी तिथल्या तिथे हुकूम सोडला: दसऱ्याच्या आत जाळं गेलं पाहिजे, आणि दसऱ्याचा मान झाल्यावरही ते पुन्हा दिसता कामा नये. दिसलं तर गेनूने बायकोसकट चंबूगबाळं आवरून संस्थानाची हद्द सोडायची.

आता हा मान काय, ते सांगायला हवं. पूर्वी दसऱ्याला महाराजांची स्वारी हत्तीवरून सीमोल्लंघनाला जायची. परत आली की मानकरी पुढे होऊन आपल्या जरीच्या शेल्यांनी हत्तीचं अंग पुसायचे, तेही ओवाळल्यासारखं गोल गोल. पुढे हत्ती वारला. मान वारला नाही. तो मोटारीकडे आला. मोटार वेशीबाहेरची धूळ अंगावर घेऊन परतायची आणि मानकरी ती धूळ शेल्याच्या काठाने मोठ्या भक्तिभावाने घोळवायचे. दसऱ्यावर भागेना म्हणून पाडव्याला आणि महाराजांच्या वाढदिवसालाही मान सुरू झाला. एवढी सेवा हत्तीच्या वाट्यालाही आली नव्हती.

गेनू घरी आला तो उंबऱ्यातच बसला. त्याची बायको ठकूबाई वाड्यात चांदीची भांडी घासायला होती. तिने काय झालं ते विचारून घेतलं.

"जाळं मी काढीन गं," गेनू म्हणाला. "मलम लावून मऊ फडक्यानं घासलं की निघंल, दंड भरून येतील एवढंच. पर दसऱ्याला मानकरी पुन्यांदा घालतील त्याचं काय?"

"मग सरकारला सांगा की तसं."

"काय सांगू? सरदारांचा शेला म्हंजे पॉलिश पेपर हाय म्हनून?"

 तुम्ही तुमचं काम करा, दसऱ्याचं मी बघते, एवढंच ठकूबाई म्हणाली. गेनूचा तिच्यावर विश्वास होता. पण तरी त्याने भांडीकुंडी बांधून ठेवली.

दसरा येईपर्यंत गेनूने मोटारीवरून हात म्हणून काढला नाही. जाळं गेलं. मोटार अशी दिसू लागली की देवडीवरचा शिपाई तिच्यात बघून मिशा विंचरायचा.

दसऱ्याला सीमोल्लंघन करून स्वारी परतली. मोटार धुळीने पिवळी पडली होती. वाजंत्री वाजू लागली. पहिल्या मानाचे ढवळे सरदार शेला सावरून पुढे झाले. इतक्यात ठकूबाई मधे येऊन उभी राहिली. तिच्या हातात थोरल्या महाराजांचं चांदीचं तबक होतं, आरशासारखं लखलखीत. तिने खाली वाकून रस्त्यावरची मूठभर धूळ उचलली, तबकावर पसरली आणि तबक सरदारांपुढे धरलं.

"सरदार, आधी हे पुसा. मोटारीवानीच, गोल गोल."

ढवळे सरदार सरळ मनाचे गृहस्थ होते. पुसा म्हटल्यावर त्यांनी शेला पुढे केला.

"थांबा!" महाराज ओरडले. "थोरल्या महाराजांचं तबक आहे ते! ओरखडे पडतील!"

"तबकाला पडतील," ठकूबाई म्हणाली, "मग मोटारीला न्हाई का पडत, सरकार?"

वाजंत्री थांबली. सगळे मानकरी आपापल्या शेल्याकडे बघू लागले. महाराजांना कळायचं ते कळलं होतं. पण हट्टी माणसाला कळलं म्हणून तो वळतोच असं नाही.

"मान बंद होणार नाही," महाराज म्हणाले. "तो वाडवडिलांचा आहे. आणि जाळंही पडायचं नाही. आता बोल."

मानकऱ्यांनी जोरात माना डोलावल्या. गेनूला घरी बांधलेली भांडी आठवली.

"बंद कशापायी करायचा?" ठकूबाई म्हणाली. "उलट सरकार, अर्धाच मान चाललाय. तो पुरा करा."

"अर्धा कसा?"

"धुळीनं माखलेला हत्ती तसाच कुनी पुसलाय का कधी? आधी त्याला वढ्यावर न्ह्यायचं. मानकऱ्यांनी कळशीकळशीनं पानी घालायचं आन् मग अंग पुसायचं. सरकार तवा ल्हान होतं, पर बघितलं असंल. मोटारीला मातूर ह्ये समदे पारोशीच पुसत्यात. तिचा अपमान हुतोय, सरकार. त्याचंच जाळं ती अंगावर काढून दावतीया."

महाराज तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मोटारीकडे पाहिलं. मग ते हसू लागले, ते इतके की चष्मा नाकावरून घसरून हातात आला.

"कळशा आणा," ते म्हणाले. "मोटार पारोशी आहे."

बोरखिंडचे सगळे सरदार रेशमी सोगे खोचून रांगेने मोटारीवर पाणी घालू लागले. धूळ वाहून गेली. गेनूने प्रत्येकाच्या हाती मलमलचं धुतलेलं ओलं फडकं दिलं आणि हात जोडून विनंती केली की गोल नको, सरळ ओढा. मान पुरा झाला. महाराज चष्मा लावून बॉनेटवर वाकले. ऊन लख्ख पडलं होतं, पण त्यात महाराजांच्या चेहऱ्याशिवाय दुसरं काही दिसेना.

"बाई, काय हवं ते माग," ते म्हणाले.

"हत्तीचा मान पुरा करायचा म्हंजे माहूतबी आलाच, सरकार. हत्तीखान्यामागं त्याचं घर रिकामंच हाय."

महाराज पुन्हा हसले. ते घर गेनूला कायमचं दिल्याचं त्यांनी तिथेच सगळ्यांदेखत जाहीर केलं आणि त्रिंबकपंतांना किल्ली आणायला पिटाळलं. पंत धापा टाकत परत आले आणि किल्ली गेनूपुढे धरली.

"त्याला नको," महाराज म्हणाले. "माहूत ही आहे."