अस्वलसाहेबांचं भाषण आणि मोहाचे लाडू

मुलांनो, भाषणं ऐकण्यात माझा हात धरणारा या मुलखात कोणी नाही. आजवर ढिगानं ऐकली, आणि प्रत्येक भाषणात पहिल्या टाळीला झोपलो तो शेवटच्या टाळीला उठलो. म्हणून ही गोष्ट भाषण ऐकणाऱ्यांची नाही, न ऐकणाऱ्यांची आहे.

एका मोहाच्या जंगलात एक अस्वल पुढारीपण करत असे. सगळे त्याला अस्वलसाहेब म्हणत, आणि 'साहेब' ऐकलं की त्याची छाती अशी फुगे, की शेजारच्याला सरकून बसावं लागे. त्या जंगलात उन्हाळ्याच्या तोंडाला मोहाच्या फुलांचा सडा पडे. बायाबापड्या फुलं वेचत आणि एक दलाल कोल्हा पसाभर भुसा देऊन ती उचलून नेई. राजधानीच्या जंगलात त्याच फुलांचे लाडू वळले जात. ते लाडू मग इथल्याच बाजारात येत, इथल्याच पोरांनी लांबून वास घ्यावा म्हणून! साहेब दर सभेत गरजत, "फूल आपलं, लाडू त्यांचा! हे कसलं धोरण?" गरजून झालं की घरी जाऊन मध खात.

एका खारीनं मात्र ते गरजणं खरं मानलं. खार बोटभर, जीभ हातभर. तिनं साळिंदरीण, घोरपड, हरिणी अशा चारचौघी गोळा करून बचत गट काढला. फुलं वाळवली, भाजली, तीळ घालून कुटली आणि असे खमंग लाडू वळले, की वळतानाच निम्मे संपायचे. खारीनं एकेकीच्या हातावर चापट मारून ते वाचवले.

"पण खपले नाहीत तर गं?" घोरपडीनं विचारलं.

"तर पुन्हा कोल्ह्याच्या दारात, नाक मुठीत धरून. आणि यापुढं गटाचं नाव कुणी काढायचं नाही," खार म्हणाली. "माझं नाक केवढं, मूठ केवढी! मला ते जमायचं नाही. म्हणून खपवायचेच."

बाजार ओढ्यापलीकडं भरे आणि सूर्य डोंगराआड गेला की उठे. सकाळीच निघायचं ठरलं होतं. पण त्या जंगलाची एक रीत होती. पुढाऱ्याच्या हातून बेलफळ फुटल्याशिवाय कुणी नवं काही सुरू करत नसे. नव्या बिळात शिरायचं तरी उंदीर साहेबांची तारीख घेऊन बाहेर थांबे. तेव्हा साहेबांना बोलावणं गेलं. साहेब आले आणि बरोबर कोणाला आणलं? त्या कोल्ह्याला! त्याच्या गळ्यात रानवेलीचा हार घातला आणि त्याला दगडावर आपल्याशेजारी बसवलं.

"अहो साहेब, हा कशाला?" खार कुजबुजली.

"खारुताई, कार्यक्रमाला प्रमुख पाहुणा लागतो. नाहीतर लोक म्हणतील, घरगुती उरकलं."

कोल्हा हारातून मान काढून खारीला म्हणाला, "बाजार उठला की ये हो माझ्याकडं. लाडवांनासुद्धा भुसा मिळेल. कालचाच आहे, ताजा!"

साहेबांनी एक पंजा मायेनं कोल्ह्याच्या खांद्यावर टाकला, डोळे मिटले आणि सुरुवात केली. "बंधूंनो आणि भगिनींनो! राजधानी सांगते, प्रांताचं उत्पन्न वाढलं. वाढलं असेल! मग ते माझ्या उंदराच्या बिळात का दिसत नाही? इथल्या हातांना इथंच काम पाहिजे. कच्चा माल बाहेर जाणार नाही!" टाळ्या पडल्या. साहेबांना चेव आला. प्रांताच्या धोरणावरून ते ओढ्याच्या पाण्यावर गेले, पाण्यावरून आपल्या आजोबांवर गेले, आजोबांवरून पुन्हा धोरणावर आले. सूर्य डोक्यावर आला. खार दगडापाशी धावली.

"साहेब, बेलफळ!" ती ओरडली.

"फोडू, फोडू. आधी मुद्दा!" डोळे मिटलेलेच.

खारीनं एकदा सूर्याकडं पाहिलं, एकदा त्या मिटलेल्या डोळ्यांकडं. मग ती सरसर झाडावर चढली आणि सुतारपक्ष्याच्या कानात म्हणाली, "दादा, आवाज जरा खाली आला की तू खोडावर चोच चालव. थांबू नकोस." खाली येऊन बायांना म्हणाली, "उठा!"

"आणि बेलफळ?" हरिणीनं विचारलं.

"ते नंतर फुटलं तर लाडवांना कळणार आहे का?"

मागच्या रांगेपासून सभा विरघळत गेली. साळिंदरिणीनं काट्याकाट्याला एकेक लाडू टोचून घेतला आणि ती अशी डुलत निघाली, जशी एखादी हंडी-झुंबरं लावलेली वरातच! कोल्ह्याला हे सगळं दिसत होतं. तो उठू लागला, तोच खांद्यावरचा पंजा जड झाला. "आणि हे आमचे शेठ बघा!" साहेब कडाडले. "सकाळपासून जागचे हलले नाहीत. का? तर गरिबांची कळकळ!" टकटकटकटक! काय त्या टाळ्या! हारासकट कोल्हा मटकन खाली बसला.

तिकडं बाजारात लाडवांचा वास पोहोचला तशी गिऱ्हाइकं धावली. कोणी नाचणी घेऊन आला, कोणी मीठ. भाव पाडायला कोल्हा नव्हता. एका रानडुकरानं पहिला लाडू खाल्ला आणि साळिंदरिणीच्या मागं काटे चाटायला लागला, तेव्हा तिनं अंग फुलवून दाखवलं आणि तो दुसरीकडून रांगेत आला. ऊन कलायच्या आत सगळा माल खपला. एकच लाडू खारीनं मागं ठेवला. डोक्यावर धान्याची गाठोडी घेऊन बाया नाचत, एकमेकींना ढकलत परत आल्या आणि गुपचूप आपापल्या जागी बसल्या.

साहेबांच्या भाषणाचा शेवट आला होता. "आणि म्हणून मी जाहीर करतो, की आपला माल आता बाजाराकडं निघाला!" असं म्हणून त्यांनी फाडकन बेलफळ फोडलं आणि डोळे उघडले.

खार टुणकन दगडावर चढली. हसू तिच्या पोटात मावत नव्हतं. "साहेब, निघाला, पोचला, खपलासुद्धा! हे बघा धान्य. तुम्ही आजोबांपाशी होता, तेव्हा आम्ही ओढ्यापाशी होतो. हा एक लाडू तुमच्यासाठी ठेवलाय. पुढच्या बाजाराला तुम्ही आपले घरीच आराम करा!"

सगळं रान खदखदून हसलं. साहेबांनी लाडू तोंडात टाकला, सावकाश चघळला. दुसरा पंजा अजून कोल्ह्याच्या खांद्यावरच होता.

"करतो की आराम," ते म्हणाले. "पण खारुताई, मग या शेठला दिवसभर असं धरून कोण बसणार? तू?"

तात्पर्य : भाषण चालू असताना टाळ्यांपुरता एक सुतारपक्षी मागं ठेवावा आणि बाकीच्यांनी आपल्या कामाला लागावं, मात्र डोळे मिटून बोलणाऱ्याला अगदीच बावळट समजू नये.