केरोबाच्या घड्याळाची आतली बाजू

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नावही आता कुणाला सांगता येत नाही. तिथल्या राणीला मनगटी घड्याळांचं वेड होतं, एवढं मात्र लोक अजून सांगतात.

कुठलंही घड्याळ तिला चालत नसे. तिला हवी असत ती केरोबा कारागिराची. केरोबाला जाऊन साठ वर्षं झाली होती. एकेका घड्याळाला तो वर्ष वर्ष घ्यायचा, त्यामुळे सगळ्या आयुष्यात त्याच्या हातून जेमतेम तीस घड्याळं झाली. प्रत्येकाच्या तबकडीवर सोन्याचं इवलंसं कमळ असतं, असं लोक सांगत. राणीकडे अशी नऊ होती. सागवानी कपाटात, मखमलीवर, ओळीनं मांडलेली. आणि नऊच्या नऊ कधीच न उघडलेली.

न उघडण्याचं कारण म्हणजे दरबारचा पारखी. तो म्हणायचा, "सरकार, जुनं घड्याळ उघडलं की त्याचं मोल निम्मं झालं म्हणून समजा. त्याला परक्याचा हात लागता कामा नये." राणीला ते पटलं होतं. पहिलं घड्याळ तिच्या वडिलांना खुद्द केरोबानं दिलं होतं. बाकीची आठ पारख्यानं भिंगातून कमळ न्याहाळून घेतली होती.

पुढे बाजारात खोटी केरोबाही येऊ लागली. तेव्हा पारख्याच्या सल्ल्यानं राणीनं दवंडी पिटवली, की जो खोटं घड्याळ केरोबाचं म्हणून सांगेल, त्याचं घड्याळ राजवाड्याच्या दारात हातोड्यानं फोडलं जाईल.

एके दिवशी सकाळी चिमाआई नावाची सुईण राजवाड्यातल्या घड्याळजीकडे आली. दोन नद्या ओलांडून, पायी. घड्याळजीचं नाव दाजीबा. म्हातारा, मितभाषी माणूस. चिमाआईनं मनगटावरचं घड्याळ सोडून त्याच्यापुढे ठेवलं. काचेवर ओरखडे होते. पट्टा तिनं स्वतः शिवलेला दिसत होता.

"तीन दिवस झाले, सेकंदाचा काटा अडखळतोय," ती म्हणाली. "कुंभाराच्या सुनेचे दिवस भरलेत. तिची नाडी मी कशावर मोजू?"

नेमका त्याच वेळी पारखी तिथे बसला होता. त्यानं सहज विचारलं, "कुणाच्या हातचं घड्याळ हे?"

"केरोबाचं," चिमाआई म्हणाली. "त्यांच्या बायकोची सुटका माझ्या आजीनं केली होती. तेव्हा आजीला दिलं त्यांनी, नाडी मोजायला म्हणून."

पारख्यानं भिंग लावलं आणि हसून ते खाली ठेवलं. तबकडी साधी पांढरी होती. आकडे मोठे, काळे. कमळाचा पत्ता नव्हता.

तासाभरात चिमाआई दरबारात उभी होती. राणीपुढे चौरंगावर तिचं घड्याळ होतं आणि दाराशी हातोडा घेतलेला शिपाई.

"बाई, दवंडी ऐकली होती ना?" राणीनं विचारलं.

"ऐकली होती, सरकार. म्हणूनच खरं ते सांगितलं."

"यावर केरोबाची खूण नाही," पारखी म्हणाला. "मी चेहरा पाहूनच घड्याळ ओळखतो."

कुंभाराची सून चिमाआईच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. ती म्हणाली, "सरकार, चाळीस वर्षं मी बायांची बाळंतपणं करतेय. चेहरा बघून मी कधी कुणाला बरं म्हटलं नाही. गाल लाल असतात आणि नाडी बुडत असते, असंही पाहिलंय. आत काय आहे ते मला ठाऊक नाही. पण फोडायच्या आधी एकदा उघडून बघा."

राणीनं दाजीबाकडे पाहिलं. "तुम्हाला काय वाटतं?"

"मी केरोबांचं एकही घड्याळ आतून पाहिलेलं नाही, सरकार," दाजीबा म्हणाला. "पाहू दिलं नाही कुणी."

त्यानं चिमाआईच्या घड्याळाचं मागचं झाकण काढलं, आत निरखून पाहिलं. मग घड्याळ राणीच्या हातात दिलं.

आतली चाकं आरशासारखी लखलखत होती. स्क्रूंची निळी डोकी मोराच्या पिसासारखी चमकत होती. दाजीबानं चिमट्यानं एक चाक उलटं केलं. त्याची खालची बाजूही तितकीच घोटलेली होती, जिथे कुणाची नजर कधीच जाणार नव्हती. आणि झाकणाच्या आतल्या अंगाला, सुईच्या टोकानं कोरावीत अशी बारीक अक्षरं होती. राणीनं भिंगातून वाचली:

"उघडणाऱ्या दादा, तेल बेतानं घाल. बाई गरिबांच्या घरी जाते, तिला उशीर होता कामा नये."

"हे कुणीही कोरेल," पारखी म्हणाला, पण त्याचा आवाज उतरला होता.

"तर मग ज्याच्याबद्दल शंकाच नाही, ते उघडून पाहू," दाजीबा म्हणाला.

राणीनं बराच विचार केला. तिच्या वडिलांचं घड्याळ तिला जिवापाड प्रिय होतं. शेवटी तिनं स्वतः जाऊन ते आणलं. झाकण निघालं. तीच घोटाई, तेच निळे स्क्रू, आणि तेच अक्षर: "दादा, घाई करू नकोस. मीही केली नाही."

वडिलांच्या घड्याळात इतकी वर्षं एक चिठ्ठी होती आणि आपण ती वाचलीच नाही, या विचारानं राणीचे डोळे भरून आले. मग तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "उरलेली आठही आणा."

दोन घड्याळांत केरोबा भेटला. एकात त्यानं लिहिलं होतं, "हे चाक मी तीनदा केलं. दोनदा मलाच आवडलं नाही." उरलेल्या सहांत मात्र कानशीचे ओरखडे होते, जाडाभरडा पत्रा होता आणि एकात तर चक्क गोणपाटाचा धागा अडकला होता. वरती मात्र सहाही घड्याळांवर सोन्याची कमळं डुलत होती.

पारख्याचा चेहरा पांढराफटक पडला. राणी आधी रागावली. मग तिची नजर त्या गोणपाटाच्या धाग्यावर गेली आणि तिला हसू आवरेना. सगळा दरबार हसू लागला. हातोडावाला शिपाईसुद्धा.

"सरकार, मी लबाडी केली नाही," पारखी हात जोडून म्हणाला. "मला खरंच वाटलं, की मला कळतं."

"ते दिसतंच आहे," राणी म्हणाली. "आजपासून वर्षभर दाजीबांच्या हाताखाली बसायचं. चाकांच्या खालच्या बाजू घोटायच्या."

मग ती चिमाआईकडे वळली. "आजी, हे घड्याळ मला द्याल? मागाल ते देईन."

"सरकार, माझे हात थकले की आणून देईन," चिमाआई म्हणाली. "आत्ता त्याला काम आहे."

राणीनं मान डोलावली. दाजीबानं काटा दुरुस्त केला, तेल बेतानं घातलं. चिमाआई राणीच्या घोडागाडीतून वेळेवर गावी पोचली आणि कुंभाराच्या सुनेला जुळं झालं. तिघंही सुखरूप.

हातोड्याची दवंडी राणीनं मागे घेतली. सहा खोटी घड्याळं तिनं वाटून टाकली. बरीवाईट का होईना, चालत होती. एक मुदपाकखान्यात गेलं, तेव्हापासून भात करपायचा कमी झाला. वडिलांचं घड्याळ ती रोज मनगटावर बांधू लागली. उरलेली दोन खरी घड्याळं तिनं लांबच्या दोन गावांतल्या सुईणींना पाठवली, आणि सागवानी कपाटात लोणच्याच्या बरण्या आल्या.

पारख्याचे पहिले सहा महिने बोटं सोलण्यात गेले. त्यानं घोटलेलं चाक दाजीबा उजेडात धरायचा आणि काही न बोलता परत द्यायचा. अकराव्या महिन्यात एक चाक दाजीबानं परत दिलं नाही, ते घड्याळात बसवलं. पारखी म्हणाला, "पण आता ते कुणाला दिसणार नाही." दाजीबा म्हणाला, "तुला ठाऊक आहे ना?" त्यावर पारखी हसून पुढचं चाक घोटू लागला, आणि वर्ष संपल्यावरही तिथून उठला नाही.

म्हणून बाळांनो आणि बाळांच्या आईबापांनो, एवढं ध्यानात ठेवा: जिथे कुणी पाहणार नाही तिथेही जे चोख केलेलं असतं, तेच खरं मोलाचं.