जिवंत प्राण्याची चिठ्ठी

अदलाबदलीच्या या कथेचा बाजारातला पाठ शेळीचा, बंदरावरचा माकडाचा आणि विमानतळावरचा कोंबड्याचा आहे.

सामान बोलत असे त्या काळी, परदेशी निघालेल्या एका कोंबड्याच्या खोक्यावर ‘जिवंत प्राणी, जपून उचला’ अशी चिठ्ठी होती. त्याला गाव सोडायचे नव्हते. पण बिनचिठ्ठीचा माल विमानात चढत नाही, हे त्याने ऐकले होते.

शेजारी येऊन आदळलेली प्रवाशाची चामडी बॅग कण्हली, “तुमची चैन आहे, कोंबडेराव! आम्हाला मेले फेकतात.”

“मग ही चिठ्ठी तुम्हीच मिरवा, बाईसाहेब,” म्हणत कोंबड्याने खोक्याच्या हवेच्या भोकातून मान काढून ती चोचीने सोलली आणि बॅगेवर चिकटवली.

खोके गावी परत गेले. बॅग हमालाने अलगद उचलली आणि “गुदमरेल की मुकं जनावर!” म्हणत टोच्याने तिला चार भोके पाडली.