भाईंच्या घरची सात माणसं

किनाऱ्यावरच्या खडकातल्या कोंडीत, भरतीच्या साचलेल्या पाण्यात राहणारे रंगीत मासे संपत चालले, म्हणून गावानं नियम केला: हौसेसाठी माणशी एकच मासा. आणि नियम सुचवणारे भाई केळुसकरच बादली घेऊन आले नि उरलेले सातही मासे धरून मोकळे झाले. गावातले बाकीचे म्हातारे नेहमीसारखे माना डोलावत उभे. कॉलेज सोडल्यापासून दर्शनाशी तिच्या घरात कुणी बोलत नव्हतं. ती रोज या माशांपाशीच येऊन बसायची. तिनं भाईंची वाट अडवली.

"आमच्या घरात सात माणसं आहेत गो," भाई म्हणाले. "माणशी एक. चुकलं काय?"

"रापणीचं जाळं ओढायला जो येतो त्यालाच वाटा मिळतो, भाई. बोलवा सगळ्यांना. ज्यानं त्यानं आपला मासा न्यावा."

भाईंनी ऐटीत सगळ्यांसमोर मुंबईच्या मुलाला फोन लावला, स्पीकरवर.

"बाबा, माशांसाठी आम्ही सहा जण एवढ्या लांब यायचं? विकत घ्या ना मासे. पैसे पाठवतो," म्हणून त्यानं फोन ठेवलासुद्धा.

भाईंनी सहा मासे सोडले. सातव्याकडे बघत पुटपुटले, "काचेच्या पेटीत एकटा जगेल का गो हा?"

"जगेल की. तुम्ही नाही जगत?"

भाईंनी बादली कोंडीत उपडी केली आणि घरी जायची काही घाई नसल्यासारखे तिथंच खडकावर बसून राहिले.