वेणाईला झोप येईना

एकदा काय झालं, एका गावाची झोपच उडाली. एकाची नव्हे, दोघांची नव्हे, सगळ्या गावाची. असं कसं होईल म्हणता? आधी नीट आडवे व्हा, पांघरूण घ्या आणि हुं हुं म्हणत राहा. मी आज दमलेय, मला मध्ये थांबवू नका. थांबले की माझाच डोळा लागेल.

तर घाटाच्या पायथ्याला एक गाव होतं. गावाची देवी वेणाई. देवळासमोर एक म्हातारा आंबा होता, आणि आंब्याच्या अंगावर सीतेची वेणी रुजलेली होती. हे फूल मातीत येत नाही, बरं का. झाडाच्या सालीला धरून राहतं, मुळं वाऱ्यावर सोडतं, आणि ज्येष्ठात गुलाबी फुलांचे घोस खाली सोडतं, अगदी वेणीसारखे. त्यातली एक वेणी देवीच्या अंबाड्यात माळायची. ती माळली की देवी वर्षभर सुखानं झोपायची. आणि देवी झोपली तरच गावाला झोप लागायची. तिथला कायदाच तसा होता.

वेणी माळायचं काम गुरवीणबाईचं. तिचं नाव अंबू. अंबूचं घर देवळाला लागूनच. नवरा देवळातली पूजा करायचा, आणि पूजेमागची सगळी धुणीभांडी अंबूच्या गळ्यात. तिच्या सासूनं जाता जाता बजावलं होतं, देवीला लागेल ते सगळं धुतलेलं पाहिजे, सोवळ्यातलं पाहिजे. मग काय, अंबू पहाटेपासून धुवायची. समया घासायची, घंगाळं घासायची, अंगण धुवायची, आणि धुतलेलं पुन्हा धुवायची. कंबर मोडायची बिचारीची. पण बसून राहणं तिला ठाऊकच नव्हतं.

मग एका वैशाखात वावटळ आली आणि आंबा मुळासकट आडवा झाला. लोकांनी लाकडं वाटून नेली. सीतेच्या वेण्या खाली चिरडल्या, आणि पंचक्रोशीत दुसऱ्या कुठं नव्हत्या. एक ओबडधोबड फांदी कुणी नेली नाही, ती अंबूच्या परसात मोरीच्या कडेला पडून राहिली. तिच्यावर एक सुकलेली वेणी होती, आणि वेणीला मागल्या सालचं एकुलतं एक बोंड.

ज्येष्ठ आला. देवीचा अंबाडा रिकामाच. देवी टक्क डोळे उघडून बसली, आणि गावही बसलं. पहिले काही दिवस लोकांना गंमत वाटली. मग आमटीत दोनदा मीठ पडायला लागलं. एकानं शेजाऱ्याचं शेत नांगरलं आणि वर त्याच्याशीच भांडला. म्हशी आटल्या. आणि अंबूची तान्ही लेक गोजी, पाळण्यात रडून रडून तिचा आवाज बसला. डोळे उघडे, ओठ सुकलेले.  अंबू देवीपुढे जाऊन म्हणाली, माझं राहू दे, पोरीला तरी झोप दे. देवी म्हणाली, "मी काय करू गं? मीच दमलेय. वेणी आण, म्हणजे सगळेच झोपू."

मग अंबूनं ते बोंड आणून फोडलं. आत मोहरीएवढंसुद्धा बी नाही. नुसती पिवळी भुकटी, हळदीसारखी, तेच तिचं बी. जरा श्वास सोडला की उडेल अशी. अंबूनं जपून तिच्या तीन चिमटी केल्या.

पहिल्या चिमटीला तिनं मातीचा नवा पसरट परळ आणला. माती चाळली, सात पाण्यांनी धुतली, उन्हात वाळवली, वर भुकटी पेरली. इतक्यात दारात एक म्हातारी आली. लुगडं चिखलानं माखलेलं, केस पांढरे, कोळ्याच्या जाळ्यासारखे, अंगाला ओल्या लाकडाचा वास. म्हणाली, बाई, मला घडीभर तुझ्या परळाशी बसू दे. अंबू म्हणाली, मी सोवळ्यात आहे, लांब हो. म्हातारी गेली. मग काय, परळात काही उगवेना. अंबूनं कान लावला, तर आतून अगदी बारीक आवाज. भूक लागली, भूक लागली. अंबूनं दूध घातलं. दूध नासलं, आणि आवाज बंद झाला.

दुसऱ्या चिमटीला तिनं आणखी कष्ट घेतले. वेड्यांनाच कष्ट सुचतात. नारळावरचं तंतूंचं सोडण उकळलं, आंब्याच्या सालीचा तुकडा राखेनं घासघासून पांढरा केला, त्यावर भुकटी पेरली. म्हातारी पुन्हा दारात. अंबूनं तिला घालवलं, आणि ती उभी होती तिथं पाणीसुद्धा शिंपडलं. पुन्हा तेच. भूक लागली, भूक लागली. या वेळी अंबूनं गुळाचं पाणी दिलं. मुंग्या आल्या आणि सगळं घेऊन गेल्या.

ऐकताय ना? हुं म्हणा.

आता राहिली शेवटची चिमूट. अंबूनं ठरवलं, परसातली ती फांदीच लख्ख घासायची आणि तिच्यावर पेरायचं. एका कडेवर गोजी, एका हातात काथ्या. गेली मोरीपाशी. फांदीवर शेवाळ चढलेलं, साल कुजायला आलेली. तिनं काथ्या उचलायला घेतला, पण हात वर होईना. तेवढ्यात म्हातारी आलीच. आता, लांब हो म्हणायलाही अंगात बळ लागतं. अंबूच्या अंगात ते उरलं नव्हतं. ती म्हणाली, "बस बाई. मीही बसते."

आणि बसली. दिवसाउजेडी, काम टाकून, जन्मात पहिल्यांदा.

म्हातारी तिच्याजवळ टेकली. म्हणाली, "या बियांना आईनं शिदोरी दिलेली नाही. लेकरं हजारो, ती तरी कुठून देणार? त्यांना भरवते ती मी. तू मला दोनदा दारातून घालवलंस."

अंबूला रडू आलं. ती म्हणाली, "मला काय ठाऊक? मला धुवायला शिकवलं. बसायला कुणी शिकवलं नाही."

म्हातारीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. चिखलाचाच हात, पण अंबूला बरा वाटला. मग म्हातारीनं सांगितलं, ही चिमूट इथं, त्यांच्या आईच्या मुळांशी ठेव. पाण्याचा नुसता शिपका दे. काथ्या लावू नकोस. एवढं म्हणून ती फांदीवर आडवी झाली, केस मोकळे सोडले, आणि बघता बघता दिसेनाशी झाली. सालीवर राहिले ते पांढरे धागे. पावसाळ्यात कुजक्या लाकडावर बुरशी येते ना, तसे. अंबूनं त्या धाग्यांवर भुकटी सोडली. कान लावला. कुणी भूक म्हणत नव्हतं.

मग बसायचं आणि वाट बघायची. हे काम सगळ्यात अवघड, बरं का. अंबूचे हात शिवशिवायचे. फार दिवसांनी सालीवर खसखशीएवढे हिरवे ठिपके आले, आणि त्या दिवशी देवीच्या पापण्या जरा मिटल्या. भाताला कढ येईपर्यंत सगळ्या गावाला डुलकी लागली. तेवढ्यानंही माणसं माणसात आली. मग पानाचं टोक आलं, तर गाय दोहून होईपर्यंत झोप. मग मूळ आलं, सालीला धरलं, तर कोंबडा आरवायच्या आधीची थोडी. असं घासाघासानं गाव झोपायला लागलं. वर्षं गेली. गोजी रांगली, चालली, बोलायला लागली. पण पुरती झोप कुणालाच नाही.

एकदा जत्रेच्या आधी गावच्या बायका केरसुण्या घेऊन आल्या. देवळाशेजारी ही घाण नको, धुऊन काढू म्हणाल्या. त्यांचंही काय चुकलं, त्यांनाही तसंच शिकवलेलं. अंबू पुढे झाली. फांदीसमोर मांडी घालून बसली. बायकांनी वाट पाहिली, पाहिली, आणि त्याही दमलेल्याच होत्या, तिच्या शेजारी बसल्या. जाताना केरसुण्या विसरून गेल्या.

आणि एका ज्येष्ठात वेणी फुलली. गुलाबी, लांब, गोजीच्या हाताएवढी. अंबूनं ती खुडली. देठाला पांढरे धागे, थोडी कुजकी साल. धुवावी की न धुवावी? सासूचा आवाज कानात आला. अंबू क्षणभर थांबली, आणि तशीच देवळात शिरली. हात मातीचे, पदर मातीचा. वेणी देवीच्या अंबाड्यात माळली.

देवी म्हणाली, "ओल्या लाकडाचा वास येतोय."

 चुकलं म्हणायला अंबूनं तोंड उघडलं.

"असू दे," देवी म्हणाली. "माझ्या आईच्या कुशीत असाच वास यायचा." आणि तिनं डोळे मिटले.

मग भर दुपारी सगळं गाव झोपलं. नांगरावरचा नांगराशी, पाणवठ्यावरची पाणवठ्याशी. म्हशी बसल्या बसल्या झोपल्या. गोजी देवळाच्या पायरीवर अंगाची मुटकुळी करून झोपली, तोंड थोडं उघडं, श्वास अगदी संथ. अंबू तिच्याकडे बघतच राहिली. मोरीत भांड्यांचा ढीग पडला होता. अंबूनं भांड्यांकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, आणि लेकीशेजारी आडवी झाली. भांडी तशीच राहिली. कुणाचं काही बिघडलं नाही. पुढे त्या फांदीवर वेण्याच वेण्या झाल्या, वेणाई झोपत राहिली, आणि गाव सुखात नांदलं.

आपल्याही मोरीत रात्रीची भांडी पडलीत. पडू देत. सरक जरा, मला जागा दे. झोपा आता.